घोडवेलीचे चार दिवस

भादवा सरता सरता सब्जानं खाणं टाकलं.

टाकलं म्हणजे एकदम टाकलं नाही. सब्जा ही इब्राहीम नालबंदाची घोडी, आणि त्या घरात अठरा वर्षं काढल्यामुळं कुठलीच गोष्ट एकदम करायची सवय तिला उरली नव्हती. आधी तिनं तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, सोडली. मग सुकं गवत सोडलं. चण्याची चुनी पुढं ठेवली तर दोन घास घ्यायची आणि इब्राहीमकडं अशी बघायची, की चूक आपलीच आहे हे त्याला पटावं. घेतलेला घासही पोटात जात नसे. तोंडातल्या तोंडात घोळवून त्याचा ओला गोळा व्हायचा आणि तो गव्हाणीखाली पडायचा. सकाळी जमीला खराटा घेऊन आली की असे आठ-दहा गोळे तिची वाट पाहत असायचे. या वयात घोडीला नखरे सुचतायत आणि आपल्याला या वयात ते झाडावे लागतायत, असं ती म्हणायची. इब्राहीमची ती बायको, त्यामुळं असलं बोलणं तिला शोभत असे.

नव्व्याण्णव साल होतं. सावली गावात त्या वर्षी चार नवे ट्रॅक्टर आले होते आणि नालबंद एकच उरला होता. इब्राहीमनं साठी ओलांडली होती. बैलाला दोरानं पाडायचं, चारी पाय बांबूला आवळायचे, खूर खरडून त्यावर नाल बसवायची आणि खिळा असा ठोकायचा की तो खुरातून बाहेर निघावा पण मांसाला कळू नये, एवढी एक विद्या त्याला येत होती. अडतीस वर्षं त्यानं ती केली. गावातल्या माणसांची तोंडं तो कधी विसरायचा, पण बैलाचा खूर पाहून तो कोणत्या गावचा आणि त्याचा मालक किती आळशी, हे सांगायचा.

दसऱ्यानंतर, धान कापणीच्या आधी, त्याची फेरी निघे. बैलबंड्या धान घेऊन डांबरी रस्त्याला लागायच्या आत बैलांना नाल पाहिजे. सब्जाच्या पाठीवर लोखंडाची गोणी, पुढं लगाम धरून इब्राहीम. सिंदेवाहीकडच्या जंगलातली नऊ गावं. कधीकाळी एका बैलानं पाडता पाडता त्याच्या उजव्या गुडघ्यावर लाथ घातली होती, तेव्हापासून चढावर तो घोडीच्या मानेला हात लावून चालायचा. लोकांना वाटायचं प्रेमानं लावतो. तेही होतंच.

तेव्हा घोडी उभी राहिली तर फेरी होती, आणि फेरी नसेल तर चंद्रपूर होतं. यात तिसरं काही नव्हतं. चंद्रपुरात मुलगा बिलाल ऑटो चालवायचा. तीन चाकं, आणि एकालाही नाल लागत नाही. बिलाल वाईट पोरगा नव्हता, उलट चांगला होता, त्यामुळंच त्याला नाही म्हणणं कठीण होतं. त्यानं बापासाठी खोलीत खिडकीजवळ खाट टाकून ठेवली होती. खिडकीतून विजेच्या कारखान्याची धुराडी दिसत. सून नाहीद सासूची वाट बघत होती आणि चार वर्षांची उमेरा शेजारच्या फोनवर दर वेळी विचारायची की दादी आज येते की उद्या. जमीलानं दोन ट्रंका बांधून ठेवल्या होत्या. ती त्यांच्याबद्दल बोलत नसे, फक्त त्या दारातच ठेवल्या होत्या आणि इब्राहीमला रोज त्यांना वळसा घालून जावं लागे.

मागच्या गल्लीत एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक राहत. त्यांनी येऊन सब्जाची पापणी उलटून पाहिली, पोटाला कान लावला आणि वय विचारलं. बावीस, इब्राहीमनं सांगितलं. मग बरोबर आहे, ते म्हणाले. आयुष्यभर आपल्या वहीत गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी असे चार रकाने होते, घोडा 'इतर'मध्ये जायचा, असंही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. एक चाटण दिलं. सब्जानं ते चाटलं आणि पुढच्या घासाचा गोळा तसाच खाली टाकला.

इब्राहीमचं निदान मात्र ठरलेलं होतं.

"तिले घोडवेल पायजे," तो म्हणाला.

जमीला तांदूळ निवडत होती. "तिनं सांगतलं?"

"सांगाचं काय आहे त्याच्यात. कोसमटोल्याले गेली का पोट फुटेस्तोवर खाते. दुसऱ्या कोन्या गावात अशी खात नाई."

"कोसमटोल्याले गेल्यावर तुमी बी बरं खाता," जमीला म्हणाली आणि सुपातला खडा उंबऱ्याबाहेर टाकला.

कोसमटोला हे फेरीतलं शेवटचं गाव. तीस-पस्तीस घरांचं, सगळं गोंडांचं. तिथं बैल दीड दिवसाचे होते आणि इब्राहीम राहायचा चार दिवस. उरलेले अडीच दिवस घोडी घोडवेल खायची, असं त्याचं म्हणणं होतं. ते खोटंही नव्हतं. घोडवेल म्हणजे रानातली जाड वेल. पळसासारखी तीन तीन पानं, सागावर चढली की शेंड्यापर्यंत जाते, आणि जमिनीत तिचा कंद वासराच्या डोक्याएवढा होतो. घोडा तिच्यासाठी दावं तोडतो म्हणून तिचं हे नाव. आणि ती सगळ्यात चांगली होती बुधरीच्या बांधावर.

बुधरी म्हणजे दसरूची बायको. इब्राहीम त्या गावात पहिल्यांदा गेला तो दसरूच्या बैलांना नाल ठोकायला, आणि मुक्काम त्याच्याच अंगणात पडला. दसरूला जाऊन अकरा वर्षं झाली. बैल राहिले. मग बैलही विकले गेले. मुक्काम तरी हलला नाही, कारण घोडवेल तिच्याच बांधावर चांगली होती. गावानं हे कारण ऐकून घेतलं होतं. बुधरी त्याला भाऊ म्हणायची. त्या मुलखात सगळेच सगळ्यांना भाऊ म्हणतात. त्यानं नातं जुळत नाही, पण अंगणात खाट टाकायची सोय होते.

दसऱ्याला आठ दिवस असताना इब्राहीम घोडीला न घेता निघाला. अठरा वर्षांत पहिल्यांदा. घोडी चालण्यासारखी नव्हती, तेव्हा वेलीनंच तिच्याकडं यावं, असा त्याचा बेत. बसनं फाट्यापर्यंत, पुढं दीड कोस पायी. हात ठेवायला मान नसल्यामुळं त्यानं एक काठी तोडून घेतली. काठीला चढावर हुंकार देता येत नव्हता, हे त्याला पहिल्याच चढावर जाणवलं.

गावाच्या अलीकडं सागाची लागवड होती. तिथं त्याला दहा-बारा माणसं दिसली. प्रत्येकाच्या हातात कोयता किंवा कुऱ्हाड, आणि प्रत्येक जण सागाच्या बुंध्याशी वाकून घोडवेल तोडत होता. मनगटाएवढ्या वेली. बुडात घाव, मग वरचा भाग ओढून खाली. जागोजाग कमरेएवढे हिरवे ढीग पडले होते. इब्राहीमला क्षणभर वाटलं, आपण येणार हे कोणीतरी आधीच कळवलं आहे.

बुधरीचा मुलगा पवन त्यांच्यात होता. त्यानं कोयत्याची मूठ कपाळाला लावून राम राम केला आणि सांगितलं की ही वेलतोड आहे, पंधरा दिवसांचं काम निघालं आहे. वेल सागाचा गळा आवळते, साग वाकडा होतो, म्हणून वेल काढायची.

"आनि हे?" इब्राहीमनं ढिगाकडं बोट दाखवलं.

"हे इथीच वाळन."

"मंग मी एक भारा नेतो."

पवननं मागं पाहिलं. मागं वनरक्षक खुशाल उभा होता. पंचविशीतला, नवा गणवेश, छातीच्या खिशात दोन पेनं. त्यानं आदरानंच विचारलं, कशाला पाहिजे. घोडीला, इब्राहीम म्हणाला. घोडी कुठं आहे. सावलीला. खुशालनं काही वेळ विचार केला. सावलीच्या घोडीचा प्रश्न त्याच्या प्रशिक्षणात आलेला नव्हता.

"कापाची परवानगी आहे जी," तो शेवटी म्हणाला. "न्याची नाई. कापलेला माल जागेवरच राह्यला पायजे."

"माल कायचा, पाला आहे. तुमीच त फेकून राह्यले."

"फेकून नाई, काढून ठेवून राह्यलो. तुमी नेलं का ती वाहतूक होते. घोडी इथी असती अन् तिनं खाल्लं असतं, त ते चराई झाली असती."

"मंग चराई चालते?"

"ते बी बंद आहे," खुशाल म्हणाला. "पन ते दुसरं कलम आहे."

बाकीची माणसं कोयते थांबवून ऐकत होती. त्यातला झिंगू हसला आणि म्हणाला की नालभाऊनं इथं बसून स्वतःच चार पानं खावीत, पोटातून नेली तर कोण धरणार. सगळे हसले. इब्राहीमही हसला. हसणाऱ्यांतल्या पाच जणांच्या बैलांच्या खुरांत त्याचे खिळे होते आणि ते बैल आता कोणाकडं आहेत, हे त्याला माहीत नव्हतं. दुपारच्या उन्हात त्या ढिगांचा वास सुटला होता, हिरवा, गोडसर, किंचित चण्याच्या पाल्यासारखा. सब्जा असती तर नाकपुड्या फुगवून उभी राहिली असती.

पवन त्याच्यासोबत लागवडीच्या कडेपर्यंत आला. "माय नाई घरी, भाऊ. लहान बहिनीच्या बाळंतपनाले गेली. दसऱ्याले येते." मग कोयता दुसऱ्या हातात घेऊन तो म्हणाला, "माय आल्यावर आना घोडीले. माय असली म्हंजे खाते ते."

इब्राहीमला हे बोलणं आगतस्वागताचं वाटलं. त्यानं मान हलवली.

घरी पवनची बायको निशा होती. उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, त्यामुळं हा माणूस कोण आणि अंगणात आल्यावर त्याची नजर आधी घरभर का फिरली, हे तिला कळलं नाही. तिनं पाणी दिलं, विळा घेतला आणि बांधावर नेलं. धान निसवत होतं, बांधीच्या खाचरात पोटरीएवढं पाणी होतं. मोहाच्या दोन झाडांवर वेल चढली होती. निशा सरसर कापत गेली. इब्राहीम पानं जुळवून भारा बांधत होता आणि दर वेळी या कामाला इथं दुसरे हात असतात, एवढंच त्याच्या मनात येत होतं. त्या हातांवर कोपरापर्यंत गोंदण होतं. त्यातली एक रेघ मनगटाजवळ तुटलेली होती. तिचं कारण विचारायचं वर्षानुवर्षं राहून गेलं होतं.

भारा डोक्यावर घेऊन तो फाट्याला आला. कंडक्टरनं भारा टपावर टाकायला लावला. सावलीपर्यंतच्या वाऱ्यानं त्यातली अर्धी पानं रस्त्याला वाटून टाकली.

उरलेली अर्धी घेऊन तो अंगणात शिरला तेव्हा सब्जानं मान वर केली आणि नाकातून एक बारीक, थरथरता आवाज काढला. कित्येक दिवसांत तिनं काढलेला पहिला आवाज. जमीलाही दारात आली. सब्जानं भाऱ्यात तोंड खुपसलं, पानं ओढली, डोळे मिटले. इब्राहीम ट्रंकेवर बसला. ती घोळवत राहिली, घोळवत राहिली. मग ओठाच्या कोपऱ्यातून हिरवी लाळ आली, आणि तिच्यामागून हिरवा गोळा खाली पडला. तिनं पुन्हा पानं ओढली. पुन्हा गोळा. पाचव्या-सहाव्या वेळी तिनं नुसतं नाक पानांत ठेवलं आणि तशीच उभी राहिली.

इब्राहीमनं गोळा उचलून हातात घेतला. तो गरम होता. एवढ्या लांबून आणलेली गोष्ट तिला हवी होती, तिनं तोंडात घेतली होती, आणि तरी तिला ती मिळाली नव्हती. यापुढं काय आणायचं, हे त्याला सुचेना.

शुक्रवारी बिलाल ऑटो घेऊनच आला. नमाज झाल्यावर बापाजवळ बसला. चांगल्या पोरासारखं बोलला, घोडीनं खूप केलं, आता तिला त्रास देऊ नये, पलीकडच्या मैदानात सोडून द्यावी, जे व्हायचं ते होईल. इब्राहीम ऐकत राहिला. घोडी लंगडी झाली असती तर त्यानं रात्रीतून नाल बदलली असती. पण तिचे चारी खूर ठणठणीत होते. इतके चांगले खूर घेऊन जनावर उपाशी कसं मरतं, हे त्याच्या विद्येत बसत नव्हतं.

बोलली ती जमीला. बिलालच्या ताटात भात वाढताना, कोणाकडंच न बघता.

"वेल आनून काय होते. तुमीच म्हनता नं, तिथी खाते. मंग तिले तिथी घेऊन जा."

"चालन का ते?"

"तुमी चालवान त चालन." तिनं पळी भांड्यावर आपटली. "मी बिलालसंगं सोमवारी जातो चंद्रपूरले. पोरगी वाट पाहून राह्यली. तुमी तुमचं आटोपून या."

आटोपून, हा शब्द ती जपून वापरत असे. इब्राहीमनं तिच्याकडं पाहिलं. इतकी वर्षं दरसाल कोसमटोल्याला अडीच दिवस जास्तीचे लागतात, याबद्दल तिनं त्याला कधी विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. त्याच्या गाठोड्यात तिनं भाकरी बांधल्या, लसणाची चटणी बांधली आणि गुडघ्याला लावायची तेलाची बाटली आठवणीनं वर ठेवली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो निघाला. दहा कोसांना तीन दिवस लागले. गोणी त्यानं स्वतःच्या पाठीवर घेतली, अर्धं लोखंड घरी ठेवून. घोडी रिकामी आणि माणूस लादलेला, हे दृश्य बघायला वाटेतल्या गावांत लोक दारात येत. एका गावात लटारूनं त्याला थांबवून चहा पाजला. वीस वर्षं लटारूच्या बैलांना इब्राहीमनं नाल ठोकली होती. आता अंगणात लाल ट्रॅक्टर उभा होता, त्याच्या नाकाला झेंडूचा हार.

"टायरले ठोकता का नाल, भाऊ?" लटारूनं विचारलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

"पाडून द्या, ठोकतो," इब्राहीम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सब्जा दोनदा बसली. जनावर बसलं की उठवायला शेपटीच्या मुळाशी जोर लावतात, इब्राहीमनं लावला नाही. तो तिच्याशेजारी बसून राहायचा. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. कातडीवर माश्या बसत आणि ती हाकलत नसे. मग ती आपणहून उठायची, आणि दोघंही एकमेकांवर भार टाकून पुढचा चढ चढायची. कोणाच्या आधारानं कोण चालतंय, हे आता बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं कोसमटोल्याला पोचली. बुधरी अंगणात धानाची कणगी लिंपत होती. हात शेणामातीनं भरलेले. तिनं आधी घोडीकडं पाहिलं, मग गोणी पाठीवर घेतलेल्या माणसाकडं. हात धुतले. निशाला बांधावर पाठवलं. स्वतः घरात गेली आणि आतून लाकडी उखळ गडगडत अंगणात आणलं, मागून मुसळ.

इब्राहीमला वाटलं, पाहुण्यासाठी तांदूळ कांडते आहे. या वेळेला कशाला, असं तो म्हणणार होता.

निशा वेलीचा भारा घेऊन आली. बुधरीनं देठ मोडून काढले, पानं आणि कोवळे शेंडे उखळात टाकले, वर मूठभर भिजलेला कोंडा, चिमूटभर मीठ, आणि कुटायला लागली. पाच-सहा घावांत पाल्याचा लगदा झाला. वास सगळ्या अंगणात पसरला. सब्जा दावं न बांधता उभी होती ती आपणहून पुढं आली आणि बुधरीच्या खांद्याजवळ येऊन थांबली, पंक्तीत पान मांडल्यावर माणूस थांबतं तशी. बुधरीनं लगद्याचा गोळा हातात घेऊन तिच्या तोंडात, अगदी आत, जिभेवर ठेवला. सब्जानं मान वर केली आणि गिळला. मग दुसरा. मग तिसरा. खाली काही पडलं नाही.

इब्राहीमनं पाठीवरची गोणी अजून उतरवली नव्हती.

"इथी या," बुधरी म्हणाली. "हात घाला आत. चावत नाई ते. चावाले काई असलं पायजे नं."

तिनं घोडीची जीभ एका बाजूला धरली. इब्राहीमनं दोन बोटं गालाच्या आतून मागं नेली. पुढचे दात त्याला माहीत होते, विकत घेताना हेड्यानं, जनावरांच्या दलालानं, ओठ उचलून दाखवले होते, चार वर्षांची आहे म्हणाला होता. तोंड बघणं हे हेड्याचं काम आणि पाय बघणं नालबंदाचं, म्हणून त्यानंतर त्यानं तिच्या तोंडात कधी पाहिलंच नव्हतं. मागच्या दाढांच्या जागी त्याच्या बोटांना गुळगुळीत दगडासारखं काहीतरी लागलं. एका ठिकाणी नुसती हिरडी. एका ठिकाणी उभी धार, आणि तिच्यासमोर गालाला पडलेली खोल चीर. अठरा वर्षं तो या जनावराच्या खुरात एक खडा राहू देत नव्हता.

"हे कवापासून?"

"चार साल झाले. तवा थोडं तरी चावे, आता तेबी नाई."

"चार साल तू कुटून घालून राह्यली?"

"मंग. तुमी दिवसभर गावात बैल पाडाले गेले का मी कुटत बसो."

संध्याकाळी परत आल्यावर घोडीचं भरलेलं पोट बघून आपण काय काय बोलायचो, ते इब्राहीमला आठवलं. अख्ख्या चावडीला ऐकवायचा, की या वयात अशी खाणारी घोडी जिल्ह्यात नाही, आणि हा सगळा वेलीचा गुण. बुधरी तेव्हा चुलीजवळ बसलेली असायची. कधी मान हलवायची, कधी नाही.

"मले सांगतलं काऊन नाई?"

बुधरीनं उखळात नवी पानं टाकली. मुसळ उचललं, दोन घाव घातले, तिसऱ्याला थांबली.

"सांगतलं असतं त तुमी घरीच उखळ मांडलं असतं," ती म्हणाली, आणि पुन्हा कुटायला लागली.

इब्राहीमनं तेव्हा गोणी खाली ठेवली. त्या वाक्याचा अर्थ त्याच्यापर्यंत सब्जाच्या घासासारखा सावकाश पोचला. घरीच उखळ मांडलं असतं तर कोसमटोल्यात चार दिवसांचं काम उरलं नसतं. वेलीचं कारण आपण एकट्यानंच सांगत होतो, असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं. तो खाटेवर बसला. बुधरीच्या मनगटाजवळची गोंदणाची तुटकी रेघ मुसळासोबत वर-खाली होत होती. त्याला तिच्याबद्दल विचारता आलं असतं. त्यानं विचारलं नाही. साठी उलटल्यावर काही उत्तरं मिळून ठेवायची कुठं, हाही प्रश्न असतो.

तो चार दिवस राहिला. गावात नाल ठोकायला बैलांच्या दोनच जोड्या निघाल्या. पोचू म्हाताऱ्याची एक आणि झिंगूची एक. झिंगूनं मागचं बोलणं मनावर घेऊ नका म्हटलं आणि बैल पाडायला स्वतः दोर धरला. दुसऱ्या दिवशी खुशाल सायकलवर आला. अंगणाबाहेर थांबून त्यानं सब्जाकडं बराच वेळ पाहिलं, जणू अर्जासोबतचा कागद आता कुठं जोडला गेला. हीच का ती, त्यानं विचारलं. हीच, इब्राहीम म्हणाला. तेवढ्यात पवन लागवडीतून डोक्यावर वेलीचा भारा घेऊन येताना दिसला. खुशालनं सायकल आडवी केली, पाठ फिरवली आणि चेन तपासायला बसला. पवन आत गेला, भारा टाकला, पाणी प्याला, तरी त्याची चेन नीट होईना.

सब्जा खात होती. चौथ्या दिवशी तिनं शेपटीनं माशी हाकलली.

त्या दिवशी सकाळी इब्राहीमनं मनातल्या मनात दोन्ही वाटा चालून पाहिल्या. सावलीला उखळ होतं, वेल नव्हती. चंद्रपुरात उखळही नव्हतं. तिथं खिडकीजवळ खाट होती, आणि दारात ठेवायच्या दोन ट्रंका एव्हाना तिथं पोचल्या असतील, आणि त्यांच्यासोबत अशी एक बाई, जी भाकरीसोबत गुडघ्याचं तेल बांधते. तिच्याकडं जायला उशीर करणं त्याला जमणार नव्हतं. पानं झडल्यावर बुधरी कंद खणून किसून घालेल, हे तिनं न विचारता सांगून टाकलं होतं. घोडी इथं ठेवतो असं तो म्हणाला नाही, ठेवा असं ती म्हणाली नाही.

त्यानं गोणीतून सांडशी काढली. सब्जाच्या पोटरीवर थाप मारली. अठरा वर्षांच्या सवयीनं तिनं पाय उचलून त्याच्या मांडीवर दिला. त्यानं खिळ्यांची वळलेली टोकं सरळ केली आणि एकेक खिळा उपसून काढला. नाल सुटली. खालचा खूर पांढरा, ओलसर, पहिल्यांदाच उन्हात आल्यासारखा दिसत होता. त्यानं कडा कानशीनं घासून गोल केल्या, चिरू नये म्हणून. मग दुसरा पाय. मग मागचे दोन. बुधरी दाराशी उभी राहून बघत होती. डांबरी रस्त्यावर परत न जाणाऱ्या जनावराची नाल काढतात, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

चार नाला गोणीत टाकून त्यानं तोंड बांधलं.

"चंद्रपूरवरून गाडी येते का इकडं?" बुधरीनं विचारलं.

"फाट्यापावतर येते."

"फाट्यापासून दीड कोस आहे."

"माईत आहे," इब्राहीम म्हणाला.

त्यानं गोणी खांद्याला लावली, काठी घेतली, घोडीच्या कपाळावर तळहात ठेवला, काढला, आणि निघाला.

अठरा वर्षं सपाटीला तो पुढं आणि घोडी मागं, अशीच चाल होती. तिला बघायची त्याला कधी गरज पडली नव्हती. नालेच्या आवाजावरून त्याला सगळं कळायचं, ती किती लांब आहे, थकली आहे का, कोणत्या पायाचा खिळा ढिला झाला आहे. आता अंगण संपलं, कुंपण संपलं, मोहाची झाडं आली, आणि मागून काहीच येत नव्हतं. येत असलं तरी मातीवर उघड्या खुरांचा आवाज होत नाही, हे नालबंद असून त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. ती मागं येते आहे की नाही, हे कानांना सांगता येईना. बघणं भाग होतं.

त्यानं वळून पाहिलं. सब्जानं उखळात तोंड घातलं होतं. बुधरी दोन्ही हातांनी मुसळ वर धरून, घोडीनं मान बाहेर काढायची वाट बघत उभी होती.